चोरटा समुद्र आणि आकाशांतील पहारेकरी

समुद्राच्या लाटा वाऱ्यानें उठतात, हें शाळेंतील लहान मुलासही ठाऊक आहे. सोसाट्याचा वारा सुटला कीं दर्या खवळतो आणि वारा पडला कीं तो हळूहळू निवळतो, असा सर्वांचा अनुभव आहे. परंतु ज्या दिवशीं आकाश निरभ्र आहे, माडाची झावळीही हालत नाहीं, आणि तरीसुद्धां समुद्र एकाएकीं पुढें सरसावून लोकांच्या घरांत शिरतो, त्या दिवशीं या साध्या ज्ञानानें निर्वाह होत नाहीं. केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमार लोकांस असे दिवस पिढ्यान् पिढ्या परिचयाचे आहेत. त्यांनीं अशा समुद्रास ‘कळ्ळक्कडल’ असें नांव दिलें आहे. मल्याळम् भाषेंत ‘कळ्ळन्’ म्हणजे चोर आणि ‘कडल’ म्हणजे समुद्र. चोर जसा चाहूल न देतां येतो व घर लुटून जातो, तसा हा समुद्र. नांव अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या लोकांनीं ठेविलें. पण तें इतकें नेमकें आहे कीं, इ. स. २०१२ सालीं युनेस्कोनें तेंच नांव शास्त्रीय व्यवहारांत मान्य केलें.

इ. स. २०२४ च्या मार्च महिन्याची ३१ तारीख हा ईस्टरचा रविवार होता. त्या दिवशीं केरळांतील तिरुवनंतपुरम्, कोल्लम्, आलप्पुळा, त्रिशूर इत्यादि जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर असाच चोरटा समुद्र आंत घुसला. घरांत पाणी शिरलें, होड्या व जाळीं यांची नासधूस झाली, आणि कित्येक कुटुंबांस घर सोडून दुसरीकडे आसरा घ्यावा लागला. जवळपास कोठें वादळ नव्हतें, भूकंपही झाला नव्हता. मग हें पाणी आलें कोठून? आणि त्याची वर्दी आधीं देतां येते काय? ज्या माणसाची सारी मिळकत म्हणजे एक होडी व दोन जाळीं, त्याला चार तास आधीं सूचना मिळाली तर तो होडी वर ओढून ठेवील, लेंकरांबाळांस उंच जागीं नेईल. न मिळाली तर त्याचें वर्ष बुडालें. म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. आमच्या वाचकांनीं तो नीट समजून घ्यावा, अशा हेतूनें आम्ही हा विषय येथें मांडीत आहों.

प्रथम लाट म्हणजे काय तें पाहूं. लाट पुढें जाते म्हणजे पाणी पुढें जातें, असें दिसतें. पण तो भ्रम आहे. समुद्रावर तरंगणारें बूच लाटेबरोबर वर चढतें, थोडें पुढें सरकतें, खालीं उतरतें, आणि जवळजवळ मूळच्या जागीं परत येतें. शेतांतील उभ्या जोंधळ्यावरून वाऱ्याची झुळूक गेली म्हणजे कणसें लवतात व पुन्हा उभीं राहतात. लहर पुढें जाते, जोंधळा जागच्या जागींच असतो. तशीच ही गोष्ट आहे. पुढें जाते ती शक्ति. ही शक्ति लाटेस वाऱ्याकडून मिळते, आणि ती किती मिळावी हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला तो काल, आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहिला तें अंतर. तळ्यांत कितीही वारा सुटला तरी डोंगराएवढी लाट उठत नाहीं, कारण वाऱ्याला धांवण्यास जागा नाहीं.

आतां पृथ्वीचा गोल हातीं घ्या. हिंदी महासागर उत्तरेस आशिया खंडानें बंद केलेला आहे, परंतु दक्षिणेस तो अंटार्क्टिकापर्यंत मोकळा आहे. त्या दक्षिण भागांत, सुमारें ४० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान, पश्चिमेचे प्रचंड वारे बाराही महिने वाहतात. त्यांस अडविणारी जमीन जवळजवळ नाहीं. तेथें एखादें मोठें वादळ उठलें म्हणजे दहा दहा मीटर उंचीच्या लाटा निर्माण होतात. वादळ तेथेंच विरतें, पण लाटा विरत नाहींत. त्या वादळाच्या क्षेत्राबाहेर पडून, लांब व सौम्य रूप धारण करून, हजारों किलोमीटर चालत राहतात. खोल समुद्रांत जहाजावरील मनुष्यास त्या धड जाणवतही नाहींत. याच लाटा पुढें आपल्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यास भिडतात. चोराचें घर असें फार दूर आहे.

या प्रवासास किती दिवस लागतात, तें वरच्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांस स्वतः काढतां येईल. लाटेचा एक माथा गेल्यापासून दुसरा येईपर्यंत जो वेळ लागतो, त्यास आवर्तकाल म्हणूं. खोल पाण्यांत आवर्तकालाच्या सेकंदांस १.५६ नें गुणलें म्हणजे लाटेचा वेग दर सेकंदास किती मीटर तें येतें. आणि आवर्तकालाच्या वर्गास १.५६ नें गुणलें म्हणजे दोन माथ्यांमधील लांबी मीटरांत मिळते. दहा सेकंदांची लाट १५६ मीटर लांब असते; सोळा सेकंदांची लाट सुमारें ४०० मीटर लांब असते व ती दर सेकंदास सुमारें २५ मीटर जाते. परंतु येथें एक गंमत आहे. लाटा एकट्या जात नाहींत, तांड्यानें जातात. तांड्याच्या अग्रभागीं असलेली लाट मावळत जाते व पिछाडीस नवी उगवते, म्हणून तांडा मात्र एकेका लाटेच्या निम्म्या वेगानें पुढें सरकतो. अर्थात् सोळा सेकंदांच्या लाटांचा तांडा ताशीं ४५ किलोमीटर, म्हणजे दिवसास १,०८० किलोमीटर चालतो. साडेसहा हजार किलोमीटर दूर उठलेल्या वादळाची लाट केरळास पोंचण्यास सहा दिवस लागतात. हे सहा दिवस म्हणजेच आपल्या हातीं असलेली मुदत होय.

या गणितांतून दुसरीही एक उपयुक्त गोष्ट निघते. ज्यांचा आवर्तकाल मोठा त्या लाटा वेगवान, म्हणून त्या आधीं येतात. लहान आवर्तकालाच्या मागून येतात. शर्यतींतील दोन मुलांचें उदाहरण घ्या. एक ताशीं १२ किलोमीटर धांवतो, दुसरा ताशीं १०. पहिला पोंचल्यावर सहा मिनिटांनीं दुसरा पोंचला, तर शर्यत सहा किलोमीटरांची होती, हें सुरुवातीची रेघ न पाहतांही सांगतां येतें. त्याचप्रमाणें किनाऱ्यावर बसून लाटांचा आवर्तकाल तासातासानें कसा कमी होत गेला तें मोजलें, तर त्यांचें उगमस्थान किती दूर होतें तें कळतें.

ही विद्या प्रथम वाढली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. समुद्रकिनाऱ्यावर सैन्य उतरवावयाचें तर त्या दिवशीं लाटा किती उंच असतील हें आधीं कळावयास हवें. नॉर्वेचे हॅराल्ड स्वेर्द्रुप व त्यांचे तरुण शिष्य वॉल्टर मंक यांनीं कॅलिफोर्नियांत यासाठीं एक पद्धति बसविली, आणि १९४४ च्या जूनमध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलें त्या वेळीं तिचा उपयोग झाला. समुद्रावर एकाच वेळीं लहानमोठ्या असंख्य लाटा असतात, त्यांतील उंची कोणती सांगावी? त्यांनीं ठरविलें कीं, सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी काढावी. अनुभवी खलाशी नुसत्या डोळ्यांनीं जी उंची सांगतो, तिच्याशीं ही सरासरी बरीच जुळते. आजही जगभर हेंच माप चालतें.

पुढें १९६३ सालीं मंक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागराच्या आरपार सहा ठिकाणीं मोजणीचीं ठाणीं मांडलीं, आणि दक्षिणेकडील वादळांच्या लाटांचा माग थेट उत्तरेपर्यंत काढला. वादळाचें क्षेत्र सोडल्यावर लाटांची शक्ति वाटेंत फारच थोडी खर्च होते, असें त्यांस आढळलें. त्यापूर्वीं कॅलिफोर्नियाजवळील एका बेटापाशीं टिपलेल्या कांहीं लाटांचें मूळ तर हिंदी महासागरांत सांपडलें होतें. म्हणजे त्या जवळजवळ अर्धी पृथ्वी ओलांडून आल्या होत्या. मंक हे १०१ वर्षांचें आयुष्य भोगून २०१९ सालीं वारले.

लाट आपल्या दारीं आल्यावर तिचें गांव विचारणें हें एक; आणि ती घरून निघतांच तिला ओळखणें हें दुसरें. दुसऱ्यासाठीं तिच्या जन्मस्थानीं कोणी तरी पहारेकरी हवा. परंतु दक्षिण महासागरांत जहाजांची ये-जा अगदीं विरळ, बेटें तुरळक. तेथें मोजणी करावी कोणीं? हा पहारा आकाशांत बसविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. १९७८ च्या जूनमध्यें अमेरिकेनें ‘सीसॅट’ हा केवळ समुद्राच्या अभ्यासासाठीं तयार केलेला उपग्रह सोडला. विजेच्या यंत्रणेंत बिघाड होऊन तो अवघ्या साडेतीन महिन्यांत बंद पडला. पण तेवढ्या अवधींत अंतराळांतून लाटा व वारे मोजतां येतात हें त्यानें सिद्ध करून दाखविलें. १९९२ च्या ऑगस्टमध्यें अमेरिका व फ्रान्स यांनीं मिळून ‘टोपेक्स-पोसायडन’ सोडला. त्याच्या मागून २००१, २००८ व २०१६ सालीं ‘जेसन’ नांवाचे तीन उपग्रह आणि २०२० सालीं ‘सेंटिनेल-६’ असे एकामागून एक गेले, व मोजणीची साखळी तुटूं दिली नाहीं. आपल्या देशानेंही यांत हात राखून घेतलेला नाहीं. २०१३ च्या फेब्रुवारींत श्रीहरिकोटा येथून भारत व फ्रान्स यांचा ‘सरल’ हा उपग्रह उडाला. आणि ‘ओशनसॅट’ मालेंतील भारतीय उपग्रह १९९९ पासून समुद्रावर दृष्टि ठेवीत आले आहेत.

आतां इतक्या उंचीवरून लाट मोजतात तरी कशी? ‘टोपेक्स’ पृथ्वीपासून १,३३६ किलोमीटर उंच फिरत असे. तो सरळ खालीं रेडिओ-लहरींचे झटके दर सेकंदास हजारों या प्रमाणांत सोडी, व समुद्रावरून परत येणारा त्यांचा प्रतिध्वनि ऐके. जाऊन येण्यास सुमारें नऊ सहस्रांश सेकंद लागतात. हा वेळ एका सेकंदाच्या हजार कोटींव्या भागाहूनही सूक्ष्म मोजला, तर समुद्राच्या पृष्ठभागाचें अंतर सेंटिमीटरच्या हिशेबानें कळतें. लाटांची उंची मात्र प्रतिध्वनीच्या आकारावरून काढितात. मूठभर खडे सपाट फरशीवर एकदम टाकले तर एकच ठणका ऐकूं येतो. तेच दगडी पायऱ्यांवर टाकले तर आवाज लांबत जातो, कारण कांहीं खडे वरच्या पायरीवर आधीं व कांहीं खालच्या पायरीवर मागाहून पडतात. तसेंच शांत समुद्रावरून प्रतिध्वनि एकदम येतो. खवळलेल्या समुद्रावर तो आधीं लाटांच्या माथ्यांवरून व मग दोन लाटांमधील खळग्यांतून येतो, म्हणून तो सावकाश चढतो. तो किती सावकाश चढला, त्यावरून लाटांची उंची ठरते.

दुसऱ्या प्रकारचें यंत्र तिरप्या दिशेनें लहरी सोडतें. वाऱ्यानें पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात; त्या जितक्या दाट, तितका प्रतिध्वनि अधिक, आणि त्यावरून वाऱ्याचा वेग व दिशा कळतात. आपल्या ‘ओशनसॅट-२’ वर २००९ पासून असें यंत्र होतें, व २०१६ च्या ‘स्कॅटसॅट’ या उपग्रहानें तें कार्य पुढें चालविलें. तिसऱ्या प्रकारचें रडार समुद्राचें चित्रच काढतें, आणि त्यांत लाटांच्या रांगा व त्यांची दिशा दिसते. त्यास रात्र किंवा ढग यांची अडचण नाहीं. महिनोन् महिने ढगांनीं झांकलेल्या कोंकणासारख्या प्रदेशास ही मोठीच सोय आहे. २०१८ सालीं चीन व फ्रान्स यांनीं सोडलेल्या उपग्रहावर लाटांची दिशा व लांबी मोजणारें खास रडार आहे. आणि २०२२ च्या डिसेंबरमध्यें गेलेला ‘स्वॉट’ हा उपग्रह आपल्या वाटेच्या दोहों बाजूंस पसरलेला सुमारें १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा एकदम पाहतो.

इतके पहारेकरी असतां आणखी काय हवें, असें कोणी विचारील. पण उपग्रहाची दृष्टि अपुरी आहे. सरळ खालीं पाहणारा उपग्रह समुद्रावर एक अरुंद रेघ ओढीत जातो. ‘टोपेक्स’ दर दहा दिवसांनीं त्याच रेघेवर परत येई, व विषुववृत्तावर शेजारच्या दोन रेघांमध्यें सुमारें ३१५ किलोमीटर अंतर राही. अंधाऱ्या कोठारांत एक मनुष्य कंदील घेऊन चालत आहे, अशी कल्पना करा. कंदिलापुढें जें आलें तें स्वच्छ दिसलें. बाकीचें सारें अंधारांत. शिवाय उपग्रह आज काय आहे तें सांगतो, उद्यां काय होईल तें सांगत नाहीं. येथें गणिती प्रतिमानाचें काम सुरू होतें.

प्रतिमान हा शब्द ऐकून कोणी मातीची किंवा लांकडाची प्रतिकृति समजूं नये. हें प्रतिमान अंकांचें असतें. सबंध समुद्राचे बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें चौकोन पाडतात. भर समुद्रांत मोठे, किनाऱ्याजवळ लहान. प्रत्येक चौकोनांत किती आवर्तकालाच्या लाटा कोणत्या दिशेनें चालल्या आहेत, याचा जमाखर्च ठेवितात. समजा २४ दिशा व ३० आवर्तकाल धरले, तर एका चौकोनाच्या वहींत ७२० खातीं झालीं. मग दर कांहीं मिनिटांचा हिशेब करावयाचा: वाऱ्याकडून किती शक्ति जमा झाली, माथे फुटून फेंस झाला त्यांत किती खर्च पडली, लाटांनीं आपसांत किती देवघेव केली, उथळ पाण्यांत तळाशीं घासून किती गेली, आणि शेजारच्या चौकोनांतून किती आली व तिकडे किती गेली. हिशेब साधाच, पण खातीं कोट्यवधि. म्हणून तो संगणकावांचून होत नाहीं. १९८८ सालीं अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं मिळून ‘वॅम’ नांवाचें असें प्रतिमान प्रसिद्ध केलें. पुढें अमेरिकेंत ‘वेव्हवॉच’ व किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यासाठीं हॉलंडांतील डेल्फ्ट येथें ‘स्वॅन’ हीं तयार झालीं, आणि आज तीं जगभर वापरलीं जातात.

प्रतिमानासही दोष आहेतच. त्यास दिलेला वारा चुकला तर लाटही चुकणार, आणि आजची लहानशी चूक उद्यां मोठी होणार. म्हणून उपग्रह व प्रतिमान या दोघांची जोडी जमविली आहे. भिंतीवरील घड्याळ दिवसभर वेळ दाखवितें, पण तें थोडें मागेंपुढें होतें; नभोवाणीवरील वेळेचा ठोका दिवसांतून कांहीं थोड्याच वेळां ऐकूं येतो, पण तो बिनचूक असतो. शहाणा गृहस्थ ठोका ऐकून घड्याळ लावितो व मग दिवसभर घड्याळावर चालतो. त्याचप्रमाणें उपग्रह ज्या रेघेवरून गेला तेथें त्यानें मोजलेल्या उंचीशीं प्रतिमानाची उंची ताडून पाहतात, चुकली असल्यास सुधारितात, आणि तेथून पुढचा हिशेब चालवितात. शिवाय किनाऱ्याजवळ नांगरून ठेवलेलीं तरंगतीं यंत्रें लाटेबरोबर खालींवर होऊन तिचें माप घेतात. आपल्या रत्नागिरीच्या समुद्रांतही असें यंत्र ठेविलेलें आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्यास थोडक्यांत ‘इन्कॉइस’ म्हणतात व जें १९९९ पासून चालू आहे, तें या सर्वांच्या साह्यानें समुद्राच्या स्थितीचें भाकीत करितें. आणि २०२० पासून दूरच्या लाटांनीं किनाऱ्यावर पाणी चढण्याचा संभव असल्यास त्याचीही स्वतंत्र सूचना तेथून निघते. चोराचा माग लागला तो असा.

ही लांब लाट किनाऱ्याजवळ इतकी उग्र कां होते? पाणी उथळ झालें कीं लाटेस तळ लागूं लागतो व तिची चाल मंदावते. दहा मीटर खोल पाण्यांत ती सेकंदास सुमारें १० मीटर जाते, अडीच मीटर पाण्यांत अवघी ५ मीटर. पुढची लाट अडखळली म्हणजे मागची तिच्यावर येऊन दाटते. लांबी घटते, उंची वाढते, आणि अखेर ती फुटते. एकामागून एक अशा लाटा फुटत राहिल्या कीं किनाऱ्यालगतचें पाणीच कांहीं काळ वर चढून राहतें. त्यांत भरतीची वेळ जुळून आली, तर पाणी नेहमींची मर्यादा ओलांडून वस्तींत शिरतें. म्हणून सूचना देणाऱ्यास लाटेबरोबर भरतीचें कोष्टकही पाहावें लागतें.

उथळ पाण्यांत लाट मंदावते, या एकाच गोष्टीचा चतुर लोकांनीं आणखी एक उपयोग करून घेतला आहे. महायुद्धांत विमानांतून शत्रूच्या किनाऱ्याचीं छायाचित्रें घेऊन, लाटांच्या रांगा कोठें किती दाट झाल्या आहेत तें मोजून, तेथील पाण्याची खोली काढीत असत. आज तेंच काम उपग्रहांच्या चित्रांवरून होतें. जेथें होडी नेणें धोक्याचें आहे, तेथील तळाची ठेवण याप्रमाणें पाण्यास हात न लावतां कळूं लागली आहे.

किनारा पुढें येतो कीं मागें हटतो, हाही प्रश्न याच विद्येचा आहे. अमेरिकेचे ‘लॅण्डसॅट’ उपग्रह १९७२ पासून जमिनीचीं चित्रें घेत आले आहेत. १९८४ ते २०१६ पर्यंतच्या अशा चित्रांवरून हॉलंडमधील शास्त्रज्ञांनीं जगांतील वाळूचे किनारे तपासले, व २०१८ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: शेंकडा २४ किनारे वर्षास अर्ध्या मीटरहून अधिक वेगानें झिजत आहेत, शेंकडा २८ वाढत आहेत, आणि शेंकडा ४८ स्थिर आहेत. आपल्या देशांत चेन्नई येथील राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानें १९९० ते २०१८ या काळांतील चित्रांवरून काढलेला आंकडा असा कीं, मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकीं शेंकडा ३३.६ भाग झिजत आहे, शेंकडा २६.९ भागांत भर पडत आहे, व उरलेला बहुतेक स्थिर आहे.

मात्र असे आंकडे काढतांना फार सावधगिरी लागते. ज्या पुळणीचा उतार पन्नासांत एक असा आहे, तेथें पाणी दोन मीटर उतरलें म्हणजे पाण्याची कड शंभर मीटर मागें जाते. एक चित्र भरतीचें व दुसरें ओहोटीचें घेऊन ‘समुद्रानें शंभर मीटर जमीन सोडली’ असें म्हणणें म्हणजे स्वतःस फसविणें होय. कोंकणांत तर ऋतूंचाही फेर आहे. पावसाळ्यांतील उंच लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रांत नेतात, आणि उघाडीच्या महिन्यांत सौम्य लाटा ती परत आणून टाकितात. म्हणून आषाढांतील पुळण पाहून घाबरूं नये व माघांतील पाहून निर्धास्त होऊं नये. सारख्या ऋतूंतील, सारख्या पाण्याचीं, पुष्कळ वर्षांचीं चित्रें ताडून पाहिलीं तरच सत्य कळतें. हा नियम समुद्रापुरताच आहे असें नाहीं.

कित्येकदां किनारा झिजण्याचें कारण समुद्र नसून मनुष्यच असतो. लाटा किनाऱ्यास तिरप्या येतात तेथें त्या वाळूही किनाऱ्यालगत वाहून नेतात. या वाहत्या वाळूच्या वाटेंत बंदराची भिंत घातली, तर एका बाजूस वाळू सांचते व पलीकडची बाजू उपाशी राहते. चेन्नईचें बंदर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलें गेलें, तेव्हांपासून त्याच्या दक्षिणेस मरीनाची पुळण रुंद होत गेली, आणि उत्तरेस रॉयपुरमकडील किनारा समुद्रानें खाल्ला. एकाच भिंतीनें एकाच्या अंगणांत वाळू घातली व दुसऱ्याचें घर पाडलें. आज असें बांधकाम करण्यापूर्वीं त्याचा परिणाम प्रतिमानावर आधीं पाहतां येतो. तो न पाहणें हा आतां अज्ञानाचा नव्हे, हयगयीचा दोष ठरेल.

आमच्या या बाजूच्या किनाऱ्यास केवळ दक्षिणेचीच लाट लागते असेंही नाहीं. हिवाळ्यांत अरबस्तानाकडून ‘शमाल’ नांवाचे वायव्येचे वारे वाहतात. त्यांच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून गोवा व कोंकण येथपर्यंत येतात. १९६६ सालीं स्थापन झालेल्या व गोव्यांत दोना पावला येथें असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं या लाटांचा अभ्यास केला आहे. समुद्राची सरासरी पातळीही वाढत आहे. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेविली जात आहे. हिंदी महासागरांतील अतिदीर्घ नोंदींपैकीं ती एक आहे. उपग्रहांची नोंद १९९३ पासूनची. तिच्यावरून साऱ्या जगांतील समुद्राची पातळी तीस वर्षांत सरासरी सुमारें दहा सेंटिमीटर चढली असें दिसतें. दहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटें, असें म्हणून कोणी हंसेल. पण ज्याच्या घराचा उंबरठा उधाणाच्या पाण्यापासून चारच बोटें वर होता, त्यास तें हंसूं येणार नाहीं. तशांत तेहतीस वर्षांच्या उपग्रह-नोंदी तपासून ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं दाखविलें कीं, दक्षिण महासागरांतील अत्युच्च लाटा या काळांत सुमारें तीस सेंटिमीटरांनीं अधिक उंच झाल्या आहेत. म्हणजे चोराचें बळही वाढत आहे.

एवढें सारें ज्ञान असूनही एक गोष्ट त्यास साधत नाहीं. उपग्रह लाट पाहतो, संगणक हिशेब करितो, कचेरींतून सूचना निघते; परंतु ती शेवटचा एक फर्लांग चालून किनाऱ्यावरील झोंपडींत पोंचली नाहीं, किंवा पोंचूनही कोणीं तिच्यावर विश्वास ठेविला नाहीं, तर आधींचा हजारों मैलांचा खटाटोप व्यर्थ होय. हा फर्लांग चालण्याचें काम यंत्राचें नव्हे, मनुष्याचें आहे. ज्या घरांत लिहितां-वाचतां येणारें मूल आहे, त्या घरीं तें काम त्या मुलाचें आहे. सूचना आली तर ती आजोबांस समजावून सांगावी. आकाश स्वच्छ असूनही पाणी कां चढेल तें त्यांस पटवून द्यावें. आणि त्यांच्या अनुभवाच्या गोष्टी स्वतः ऐकून घ्याव्या. कळ्ळक्कडल हें नांव शास्त्रज्ञांस मच्छीमारांकडूनच मिळालें, हें विसरूं नये. अनुभव व शास्त्र यांचें वैर नाहीं. एकानें चोर ओळखला, दुसऱ्यानें त्याचें गांव शोधून काढिलें.

ज्या विद्यार्थ्यांचीं घरें समुद्राजवळ आहेत, त्यांस आम्ही एक लहानसें काम सुचवितों. आपल्या पुळणीवरील एखादा न हालणारा खडक किंवा विहिरीचा कठडा निवडावा, आणि दर महिन्याच्या अमावास्येस, पूर्ण ओहोटीच्या वेळीं, तेथून पाण्याच्या कडेपर्यंतचें अंतर पावलांनीं मोजून वहींत तारखेसह लिहून ठेवावें. एका वर्षानें ऋतूंचा फेर दिसेल. पांच वर्षांनीं कदाचित् किनाऱ्याचा कल दिसूं लागेल. उपग्रहाच्या चित्रांतून जें अनुमान निघतें, त्यास भूमीवरील अशा प्रामाणिक नोंदींचा आधार नेहमींच हवा असतो. मोजणें, लिहून ठेवणें, आणि ताडून पाहिल्यावांचून न बोलणें, एवढ्या तीन संवयी ज्यास लागल्या त्यास समुद्र पुष्कळ गोष्टी सांगेल.